अडीच पट की १.६ पट? आकड्यांच्या तराजूतला पासंग

आप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, पारोळ्याकडे कापूस लावतात. पेपर ते दोनदा वाचतात, एकदा बातम्यांसाठी आणि एकदा भांडण्यासाठी. 'अमुक बियाण्यामुळे उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढलं, अभ्यासाचा निष्कर्ष' असं कुठे छापून आलं की माझा फोन वाजतो. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे छापलेल्या प्रत्येक टक्क्याचा जाब मलाच द्यावा लागतो. "मन्हा वावरमा इतला कापूस कव्हय निंघना रे भो?" माझ्या वावरात इतका कापूस कधी निघाला, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग कधीतरी त्याच विषयावर भलताच आकडा छापून येतो आणि दुसरा फोन येतो, "दोघांतला खोटा कोण?"

बहुतेक वेळा खोटं कुणीच बोलत नसतं. शेतकरी तेच, कापूस तोच, बेरीज-वजाबाकीही बरोबर. फरक पडलेला असतो तो हिशोब सुरू होण्याच्या आधी. काय मोजायचं, काय सोडायचं, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं आणि ते ठरवणं बातमीत येत नाही. अर्थशास्त्रज्ञांची सगळ्यात जुनी डोकेदुखी हीच आहे, आणि तिचं एक नामांकित उदाहरण थेट आपल्या जळगाव जिल्ह्यातलं आहे. त्यासाठी आधी तराजू समजून घेऊ.

## थरथर वेगळी, पासंग वेगळा

तराजू दोन तऱ्हांनी फसवतो. काटा थरथरत असेल तर तीच पिशवी एकदा थोडी जास्त भरते, एकदा थोडी कमी. यावरचा उपाय सोपा आहे. दहा वेळा मोजा, सरासरी काढा, वर-खाली एकमेकांत फिटून जातं. दुसरी तऱ्हा पासंगाची. एक पारडं मुळातच जड. मग दहा वेळा मोजा नाहीतर दहा हजार वेळा, प्रत्येक वजन त्याच बाजूला चुकणार. उलट जितक्या जास्त वेळा मोजाल तितका तो चुकीचा आकडा पक्का वाटायला लागणार, कारण दरवेळी तोच तर येतोय!

'अधिक-उणे तीन टक्के' अशी शेपटी एखाद्या आकड्याला लावलेली असते ना, ती फक्त थरथरीबद्दल बोलते. पासंगाबद्दल ती अवाक्षर काढत नाही. 'तब्बल दहा हजार शेतकऱ्यांची पाहणी' याचा अर्थही इतकाच की थरथर कमी आहे. या लेखात मी ज्या चुकीबद्दल बोलणार आहे ती पासंगाची चूक.

## एक ओळ आणि एक गाठोडं

अर्थव्यवहारातले प्रश्न आकडेवारीच्या जोरावर सोडवणाऱ्या शाखेला अर्थमिती म्हणतात. तिचं रोजचं हत्यार म्हणजे रिग्रेशन. नाव जड आहे, काम तसं साधं. तुम्ही एक ओळ लिहायची: एकरी उतारा म्हणजे इतका वाटा बियाण्याचा, अधिक इतका खताचा, अधिक इतका पाण्याचा, अधिक बाकीचं सगळं. या ओळीलाच मॉडेल म्हणतात. शेकडो वावरांचे आकडे दिले की कुणाचा वाटा किती हे संगणक काढून देतो.

खरी गोम शेवटच्या 'बाकीचं सगळं'मध्ये आहे. जमिनीचा पोत, शेतकऱ्याची नजर, शेजारच्या वावरातून आलेली अळी, ऐन वेचणीत कोसळलेला पाऊस, मजूर वेळेवर मिळाले की नाही, असं जे जे मोजता आलं नाही ते सगळं या एका गाठोड्यात बांधलेलं असतं. गाठोडं असणं हा दोष नाही, ते असतंच. अट एवढीच की गाठोड्यातलं काहीही ओळीतल्या गोष्टीशी आतून मिळालेलं नसावं. वेचणीतला पाऊस वावरात बोंडअळीला मारणारं नवं बीटी बियाणं आहे की साधं वाण, हे बघून पडत नाही. तो गाठोड्यात खुशाल राहू दे, थरथर थोडी वाढेल, बस. पण शेतकऱ्याची नजर? जो मुळात हुशार आणि हाताशी पैसा असलेला, तोच नवं महाग बियाणं आधी घेत असेल, तर त्याच्या हुशारीचं श्रेय संगणक गुपचूप बियाण्याच्या खात्यावर टाकतो. बिचाऱ्याला आपण दुसरं खातंच दिलेलं नाही.

ओळ लिहिताना झालेली अशी गफलत म्हणजे मॉडेलच्या मांडणीतली चूक. तिची रूपं बरीच आहेत. वगळलेली गोष्ट हे सगळ्यात जास्त भेटणारं रूप, म्हणून आधी तेच.

## जळगावची १५७ घरं

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन या झाडात स्वतःच तयार होतं. बियाणं साध्या वाणापेक्षा कितीतरी महाग होतं, त्यामुळे पहिल्या एक-दोन हंगामांत ते घेणारे थोडेच होते. नेमक्या त्याच २००२ आणि २००३ या दोन हंगामांची जळगाव जिल्ह्यातली माहिती घेऊन ब्रिटनमधल्या स्टीफन मोर्स, रिचर्ड बेनेट आणि युसूफ इस्माइल या संशोधकांनी २००७ साली एक शोधनिबंध छापला. बीटी लावलेली ९४ घरं आणि न लावलेली ६३.

पहिली तुलना कुणीही करेल तशी केली. बीटीचे तुकडे एका बाजूला, साध्या कापसाचे दुसऱ्या बाजूला, आणि बघितला ढोबळ नफा, म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशांतून बी-खत-फवारणी-मजुरी असा चालू खर्च वजा करून जे उरतं ते. दोन्ही हंगामांत बीटीचा ढोबळ नफा अडीच पट निघाला. साध्या तुकड्यावर शंभर रुपये सुटत असतील तर बीटीवर अडीचशे. एवढ्यावर थांबले असते तर बातमी झाली असती आणि आप्पांचा फोनही आला असता.

ते थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, ही बीटी लावणारी घरं कोण आहेत? तर ही मंडळी जास्त क्षेत्रावर कापूस घेणारी, पाण्यावर जास्त खर्च करणारी आणि बीटी नसलेल्या तुकड्यातही चांगली चालणारी वाणं निवडणारी निघाली. त्यातलं बन्नी हे नाव त्या काळातल्या कुठल्याही कापूसवाल्याला आठवत असेल. म्हणजे बीटी आलंच नसतं तरी ही घरं पुढेच असती.

मग दुसरी तुलना. बीटी लावणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या काही जमिनीवर साधा कापूसही ठेवला होता. तेव्हा न लावणाऱ्यांना सरळ बाजूला काढलं आणि फक्त बीटीवाल्यांचेच दोन तुकडे समोरासमोर ठेवले. शेतकरी तोच, नजर तीच, खिसा तोच. अडीच पट घसरून १.६ पटीवर आली. शंभरावर जे दीडशे रुपये जादा दिसत होते, त्यातले साठच उरले. उरलेले नव्वद बियाण्याने कमावलेले नव्हते.

मला हा निबंध आवडतो तो याच्यासाठी की त्यातून 'बीटी खोटं' असंही निघत नाही आणि 'बीटी जादू' असंही नाही. १.६ पट हा काही लहान आकडा नव्हे. पुढच्या काही वर्षांत खानदेशात साधं बियाणं शोधूनही का सापडेनासं झालं, ते त्यावरून कळतं. पण या जोरावर कुणी साठ पैशांच्या बियाण्याला दीड रुपया सांगत असेल, तर फसणारा कोण, हेही कळतं. आणि फसणारा कोरडवाहूवाला असतो. विहीर असलेल्याचा आकडा दाखवून विहीर नसलेल्याला पाकीट विकलं जातं.

## उन्हाची रेघ सरळ नसते

दुसरं रूप वळणाचं. मॉडेलमध्ये सवयीने सरळ रेघ मारली जाते. एक अंश तापमान वाढलं की उतारा इतका बदलणार, दुसरा अंश वाढला की पुन्हा तितकाच.

भरताचं वांगं पऱ्हाट्यांवर भाजताना असा हिशोब कुणी करून बघावा. जाळ वाढवला की वांगं चांगलं शिजतं. आणखी वाढवला की आणखी चांगलं. एका हद्दीनंतर साल जळून गर कडवट व्हायला लागतो. कमी जाळाचे आणि जास्त जाळाचे सगळे प्रयोग एकत्र करून सरळ रेघ मारली, तर ती जवळजवळ आडवी निघेल आणि संगणक सांगेल, 'जाळाचा वांग्यावर विशेष परिणाम नाही.'

हे पिकांबाबत खरोखर घडत होतं. वोल्फ्राम श्लेंकर आणि मायकेल रॉबर्ट्स यांनी २००९ साली अमेरिकेतल्या पिकांचे आकडे वेगळ्या मांडणीत बसवले. हंगामाची सरासरी घेण्याऐवजी पीक कुठल्या तापमानात किती वेळ उभं होतं, हे त्यांनी मोजलं. तेव्हा वळण स्वच्छ दिसलं. मक्याचा उतारा २९ अंशांपर्यंत, सोयाबीनचा ३० अंशांपर्यंत आणि कापसाचा ३२ अंशांपर्यंत वाढत जातो. त्यापुढे तो झपाट्याने पडतो, आणि चढताना जितका हळू चढला होता त्यापेक्षा कितीतरी वेगाने. तिथली वाणं, तिथली माती वेगळी, त्यामुळे ३२ चा आकडा उचलून इथे चिकटवू नये. पण वळण असतं ही गोष्ट, मे महिन्यात ठिबकवर कापूस टोबणाऱ्या माणसाला अमेरिकेने सांगायची गरज नाही.

सरासरी कशी दगा देते ते बघा. एका वर्षी हंगामभर ३२ अंश राहिले. दुसऱ्या वर्षी अर्धे दिवस २६ आणि अर्धे दिवस ३८. दोन्हींची सरासरी ३२. सरळ रेघेच्या मॉडेलला ही दोन्ही वर्षं जुळी भावंडं वाटतात. झाडाला मात्र एक वर्ष मानवलेलं असतं आणि दुसऱ्यात पाते-फुलं गळालेली असतात.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हीच गोष्ट विम्याच्या रूपाने माहीत आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पारा ठरलेल्या अंशाच्या खाली किंवा वर, ठरलेले दिवस सलग राहिला, तरच थंडी-उन्हाचे पैसे मिळतात. हेही एक मॉडेलच आहे, फक्त सरकारी कागदावर लिहिलेलं. हद्दीच्या अलीकडे शून्य, पलीकडे भरपाई. केळीचं झाड असं पायरीने थंडी सोसत नाही. अर्धा अंश अलीकडे राहिलेल्या गावाची केळीही करपते, पण कागदाच्या लेखी ती ठणठणीत.

## भाव आवक ठरवते, की आवक भाव?

तिसरं रूप सगळ्यात चकवणारं. समजा कुणी सावद्या-रावेरकडची केळीची आवक आणि भाव यांचे कित्येक महिन्यांचे आकडे घेतले आणि रेघ मारली. पुस्तकात लिहिलंय की माल वाढला की भाव पडतो. पण रेघ उलटी निघू शकते, माल जास्त तेव्हा भावही जास्त. कारण श्रावण आणि नवरात्रात उपासाची मागणी चढते, भाव वाढतो, आणि तो वाढणार हे माहीत असलेला माणूस लागवडच त्या बेताने करतो. इथे भाव आवकेला ओढतोय आणि आवक भावाला. दोघं एकमेकांची शेपटी धरून फिरताहेत आणि आपण त्यांचा फोटो काढून विचारतोय, पुढे कोण?

या घोळात मोठमोठे सापडले आहेत. अमेरिकेतले हेन्री मूर यांनी १९१४ साली कच्च्या लोखंडाचे आकडे मांडून, मागणीची नवीच तऱ्हा सापडली असं जाहीर केलं. भाव वाढला की खप वाढतो म्हणे! प्रत्यक्षात झालं होतं ते असं की तेजीच्या वर्षांत कारखान्यांची भूक वाढायची, म्हणून भावही वाढायचा आणि खपही. मूर मागणीची रेघ समजून दुसरंच काहीतरी बघत होते.

सुटका सुचवली ती फिलिप राइट यांनी, १९२८ साली, प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातकराबद्दलच्या एका पुस्तकाच्या परिशिष्टात. (ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्याचीच एक सॉफ्टवेअर कंपनी झाली, तिथे तेलाच्या हिशोबाचं हे परिशिष्ट शिकवायला मला फार आवडेल.) राइट यांची युक्ती अशी: माल आणि मागणी या दोघांपैकी फक्त एकालाच धक्का देणारी बाहेरची गोष्ट शोधा. मालाला धक्का बसेल पण गिऱ्हाइकाच्या भुकेला नाही, अशी. त्या धक्क्याने माल जितका हलला तेवढाच बघा, आणि त्यापाठोपाठ भाव किती हलला ते मोजा.

केळीसाठी हा धक्का कोणता? मला वाटलं, उत्तर तर दारात उभं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी येणारं वादळ. एका संध्याकाळी बागाच्या बागा आडव्या होतात. उत्तर भारतातल्या गिऱ्हाइकाला त्या वादळाचा पत्ताही नसतो. म्हणजे माल हलला, भूक जागच्या जागी. मी हे उदाहरण मोठ्या ऐटीत वर्गात मांडलं. मागच्या बाकावरून यावलकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, वादळात पडलेला घड आणि झाडावरचा घड एका भावात जातो का?"

नाही जात. आडव्या झालेल्या बागेतला माल कच्चा असतो, खरचटलेला असतो, आणि व्यापारी त्याचा भाव पाडूनच मागतो. म्हणजे वादळ माल कमी करतं आणि मालाची प्रतही उतरवतं. भावाला ते दोन वाटांनी धक्का देतं, आणि युक्ती टिकते ती वाट एकच असेल तेव्हा. माझ्या दुरुस्तीतच नवा पासंग शिरला होता, आणि तो दाखवला अशा मुलाने ज्याच्या घरी बाग आहे. कुठलंही सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही.

## "मग सगळंच मोजून ओळीत घाला ना"

हा आप्पांचा उपाय आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचाही. वगळल्याने चूक होते, तर काही वगळूच नका. जमीन, पाणी, खत, शिक्षण, फवारण्या, अळीचा प्रादुर्भाव, सगळं लिहा.

यात एक खड्डा आहे. बीटीचा फायदा मुळात येतो कशातून? अळी कमी होते, बोंडं वाचतात. आता ओळीत तुम्ही 'अळीने खाल्लेली बोंडं' हीही एक गोष्ट घातलीत, तर संगणकाला तुम्ही असं विचारताय की अळीने सारखंच नुकसान केलेल्या दोन वावरांत बीटीने किती फरक पडला? उत्तर येईल, जवळजवळ काहीच नाही. बरोबरच आहे! तापाच्या गोळीने काय गुण आला ते बघायचंय आणि तुम्ही अट घातली की दोघांचा ताप सारखाच असला पाहिजे. गोळी ज्या वाटेने काम करते ती वाटच तुम्ही बंद केली.

म्हणजे काही गोष्टी वगळल्या तर चूक आणि काही घातल्या तरी चूक. कुठली कुठल्या खात्यात, हे आकडे सांगत नाहीत. बियाणं घेण्याआधीच ठरलेल्या गोष्टी, जसं जमीन, विहीर, शिक्षण, यांना बहुतेक वेळा आत घ्यावं. बियाण्यामुळे घडलेल्या गोष्टींना बहुतेक वेळा बाहेर ठेवावं. 'बहुतेक' हा शब्द दोन्हीकडे मुद्दाम लिहिला आहे.

## "संगणक चूक सांगत नाही का?"

थोडी सांगतो. जेम्स रॅम्सी यांनी १९६९ साली एक चाचणी दिली, जी साधारणपणे 'इथे वळण असताना तुम्ही सरळ रेघ मारली आहे' असा इशारा देते. जेरी हाउसमन यांची १९७८ सालची चाचणी दोन पद्धतींची उत्तरं समोरासमोर ठेवून त्यांच्यातला फरक निव्वळ थरथरीचा वाटतो की त्यापलीकडचा, हे तपासते. दोन्ही उपयोगी आहेत. पण चाचणी पास झाली म्हणजे पासंग नाही, असं नव्हे. तिने जो दोष शोधला तो सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० साली सांगितलेली दुरुस्ती तर आता एका क्लिकवर मिळते आणि निबंधात 'रोबस्ट' असा शिक्का दिसला की वाचणारा निर्धास्त होतो. ती दुरुस्ती असते थरथरीच्या हिशोबाची. काही वावरांचे आकडे जास्त हेलकावतात, काहींचे कमी, हे ती ध्यानात घेते. मधला आकडा होता तिथेच राहतो. तराजूचा काटा किती थरथरतो हे अचूक सांगितलं, म्हणून जड पारडं हलकं होत नाही.

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे चित्र काढून बघणं. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली आकड्यांचे चार छोटे संच छापले. चारींची सरासरी, चढ-उतार आणि रिग्रेशनची रेघ जवळजवळ तंतोतंत सारखी. कागदावर ठिपके काढले की एकात साधी सरळ रांग, एकात कमान, एकात एकच ठिपका सगळ्यांना फरफटत नेतोय, आणि चौथ्यात तर एका एकट्या ठिपक्याशिवाय रेघच नाही. आमच्याकडे मुलं अजूनही आधी बटण दाबतात आणि ठिपके कधीच काढत नाहीत.

मोजण्यातल्या चुकीबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या वर्षी किती क्विंटल निघाला, हे पाहणी करायला आलेल्याला आप्पा एक सांगतात, सोसायटीत दुसरं आणि जावयाला तिसरं.

## "मग या आकड्यांचा उपयोग काय?"

सगळी मॉडेलं चुकीचीच असतात, काही उपयोगी पडतात, असं संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स म्हणत. हे वाक्य आता फार स्वस्त झालंय. कुणीही आपल्या गबाळ्या कामावर त्याचं पांघरूण घालतो. चूक आहे एवढं कबूल करून भागत नाही. ती कुठल्या बाजूला आहे, निदान हे तरी सांगावं लागतं. 'माझ्या ओळीत शेतकऱ्याची हुशारी नाही, हुशार माणूस नवं बियाणं आधी घेतो, त्यामुळे माझा आकडा असलाच तर जास्तच आहे,' एवढं जरी कुणी लिहिलं तरी त्या आकड्याचं काहीतरी करता येतं. पासंग कुठल्या पारड्यात आहे ते माहीत असलेला तराजू अगदीच टाकाऊ नसतो. आपले जुने दुकानदार हलक्या पारड्याला खडा बांधून वर्षानुवर्षं धंदा करायचेच.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच ओळ लिहून थांबू नये. एडवर्ड लीमर यांनी १९८३ साली फाशीच्या शिक्षेने खून कमी होतात का, या प्रश्नाचं उदाहरण घेतलं. आकडे तेच, फक्त ओळीत काय घालायचं ते बदललं, की उत्तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून चांगला संशोधक पाच-दहा मांडण्यांची उत्तरं शेजारी शेजारी छापतो. सगळी एका गावात राहत असतील तर भरवसा वाढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसाची तुलना त्याच्याशीच करणं. योनास काथागे आणि मतीन कायम यांनी २०१२ साली भारतातल्या कापूस उत्पादकांची २००२ ते २००८ या काळातली, पुन्हा पुन्हा त्याच घरी जाऊन घेतलेली माहिती वापरली. घर तेच, जमीन तीच, त्यामुळे जे वर्षानुवर्षं बदलत नाही ते वजाबाकीत आपोआप उडून जातं. त्यांना बीटीमुळे एकरी उतारा २४ टक्के जास्त दिसला.

प्रश्न मिटला? नाही. २०२० साली केशव क्रांती, जे आधी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते, आणि ग्लेन स्टोन यांनी वीस वर्षांचा पट मांडून म्हटलं की देशाचा उतारा वाढला त्याच काळात खताचा वापरही वाढला होता, आणि पुढे कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याच्या आधीपेक्षाही वर गेला. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं सोडलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. इथे आणखी एक चूक लपलेली आहे. २००८ पर्यंतचा वाटा २०१७ मध्ये तसाच राहील असं धरून चालणं. मॉडेलची ओळ कागदावर तशीच राहते, अळी मात्र दर हंगामात शिकत असते. हा वाद अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत, म्हणून 'दोघांतला खोटा कोण' याचं उत्तर मी आप्पांना अजून दिलेलं नाही.

## विहिरीजवळचा तुकडा

गेल्या हंगामात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी दोन वाणं लावली होती, एक नेहमीचं आणि एक नवं, महागाचं. मला बांधावर उभं करून म्हणाले, "बघ, हाई नवं आणि ते जुनं. तूच बघ फरक." फरक होता. नव्याची झाडं कमरेच्या वर, बोंडांनी लगडलेली. जुनं गुडघ्याच्या जरा वर.

मी विचारलं, नवं इकडे विहिरीजवळ आणि जुनं तिकडे बरडावर, असं का?

"महागाचं बी बरडावर टाकू?"

तिथे उभ्याउभ्याच मला जळगावचा तो १.६ आठवला. शेतकरी तोच असला, तरी त्याच्याही वावरात विहिरीजवळचा तुकडा आणि बरडाचा तुकडा असतोच, आणि महागाचं बी कुठे जाणार हे उघड आहे. म्हणजे १.६ मध्येही थोडा पासंग उरला असेल. कुठल्या बाजूला, तेही बांधावरून दिसत होतं.

मी म्हटलं, आप्पा, पुढच्या वर्षी एक ओळ हे, एक ओळ ते, असं आलटून-पालटून लावा. जमीन सारखी, पाणी सारखं, मग कळेल बियाण्याचं खरं मोल. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. लावायला काही नाही, म्हणाले, पण वेचणीला बाया येतील त्या पात धरून सरळ वेचत जातील आणि दोन्ही कापूस एकाच गाठोड्यात बांधतील. वेगळा वेचा म्हटलं तर मजुरी वाढवून मागतील. ती कोण देणार, तुझं कॉलेज?